उंबऱ्यावरची परात

हुपरी,
गुरुवार, १४ जून २००७

विद्या,

वर कोपऱ्यात आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. ते शेवटी उरले तर बघू.

तुझा लेख पोचला. तू पाठवला नव्हतास, तरी पोचला. रविवारच्या पुरवणीत तुझा फोटो, मांडीवर लॅपटॉप, मागं कुंडीत तुळस, आणि वर मोठ्या अक्षरात ‘माझं ऑफिस, माझं स्वयंपाकघर’. तुझे दाजी चौकातनं पेपर घेऊन आले आणि सगळ्यांना मोठ्यांदा वाचून दाखवला. सासूबाईंनी ऐकला, आमच्या आकाराम कारागिरानं ऐकला. त्यासाठी चांदी तापवायचा बर्नर बंद केला. आपले आप्पा वारल्याचा निरोप आला त्या दिवशी पण ह्या घरातला बर्नर बंद झाला नव्हता, हे आपलं माझ्या ध्यानात राहिलंय म्हणून लिहिते.

शेवटच्या परिच्छेदात मी आहे. ‘माझी आक्का शिवलीला हुपरीत गेली दहा वर्षं घरातूनच काम करते. पैंजणांच्या रुणझुणीत तिचा संसार फुलला. तिच्याइतकी सुखी बाई मी पाहिली नाही.’

तू पाहिलंस कधी गं? दहा वर्षांत चार वेळा आलीस. चारी वेळा जत्रेला. जत्रेच्या दिवशी काम बंद असतं, बसून काम करायची पथारी गुंडाळलेली असते, अंगण सारवलेलं असतं. तेवढं बघून गेलीस आणि मला पेपरात बसवलंस.

आणि रुणझुण म्हणे. पैंजण वाजतो कुणाच्यातरी पायात गेल्यावर. आमच्या घरात असतो तोवर त्याच्या नुसत्या कड्या असतात. कडीत कडी घालायची, तोंड दाबायचं, पुढची घ्यायची. आवाज असतो तो बर्नरचा आणि खोकल्याचा. माझ्या पायात पैंजण हाय का, एवढं तरी बघायचं होतंस. न्हाय. लग्नातले काढून ठेवलेत, कारण कामाची चांदी कुठली आणि माझी कुठली ह्यात घोटाळा नको, असं सासूबाईंचं म्हणणं.

मी हे शुद्ध भाषेत लिहायला बसले होते. टायपिस्ट होते ना एकेकाळी. पण राग शुद्ध येत न्हाय, तेव्हा जसं येतंय तसं वाच.

आता मुद्द्याचं. मी कुणाला सांगितलं नव्हतं, तुलाही न्हाय. मे महिन्यात दाताच्या डॉक्टरकडं जाते म्हणून निघाले आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत गेले. तिथं शर्ट शिवायची एक कंपनी आहे. शिवून झालेला माल टेबलावर येतो, तो तपासायचा, टाका सुटला असेल तर बाजूला काढायचा. मला तीन शर्ट दिले. त्यातल्या एकाच्या कॉलरला सुटलेला टाका होता, तो त्यांच्या माणसालाही दिसला नव्हता. दहा वर्षं कड्या जोडलेल्या डोळ्यांचा तेवढा एक उपयोग झाला. घेतलं मला. सोमवारी, २ जुलैला हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्या बाईला जाणार.

तुझ्या दाजींना महिनाभर हळूहळू सांगत होते. माणूस वाईट न्हाय, ओरडत न्हाय. परवाच्या शनिवारी म्हणाले, “बघूया की, सहा महिनं जाऊन बघ.” शनिवारी म्हणाले, आणि रविवारी तुझा लेख आला. आता ते ओरडत न्हाईत, हसतात. म्हणतात, “शिकलेली माणसं हापिस सोडून घरात यायला लागलीत, आणि तू घर सोडून निघालीस व्हय?” तो कागद त्यांनी डिंकानं भिंतीवर चिकटवलाय, मी बसते त्या जागेच्या बरोबर वर. येणारा प्रत्येक पावणा वाचतो, माझ्याकडं बघतो आणि वा वा म्हणतो.

तर तू एवढं कर. दाजींना पत्र लिही की ते तू न बघता लिहिलंस. तुझ्या लेखानं बिघडलंय, तुझ्याच पत्रानं नीट होईल. फोन करू नकोस. फोन कामाच्या खोलीत आहे, माझं बोलणं पाच माणसं ऐकतात. हे पत्रसुद्धा मी पोस्टातल्या बाकावर बसून लिहितेय. घरातनं काम करणाऱ्या सुखी बाईला घरात पत्र लिहायला जागा न्हाय, हे पण घाल तुझ्या पुढच्या लेखात.

आक्का


हुपरी,
गुरुवार, २१ जून २००७

विद्या,

तुझं पत्र मिळालं, मला. दाजींना लिही म्हणाले होते मी.

‘आक्का, मी तुझं कौतुकच केलं होतं गं.’ तुझ्या कौतुकानं माझं वाटोळं व्हायची वेळ आली. ‘घरी असलं की थकल्यावर पाठ टेकता येते, मूल डोळ्यांपुढं राहतं, कुणी साहेब डोक्यावर नसतो, जाण्यायेण्यातला वेळ वाचतो.’ चार ओळी लिहिल्यास. चारही ओळी मी दोन दिवस डोक्यात घोळवतेय.

पाठ कुठं टेकू? आमची झोपायची खोली तीच कामाची खोली. सकाळी गाद्या उचलल्या की तिथंच पथारी, बर्नर, तेजाबाचं भांडं. अंगात ताप असला तरी पडून राहायला कोपरा न्हाय, कारण कोपऱ्यात तारेची वेटोळी असतात. आणि पडलं तरी काम समोर दिसतं. समोर दिसतंय तोवर हात गप्प बसत न्हाईत. बसल्या बसल्या दोन कड्या जोडते. माझ्या जेवणाच्या ताटात कडी सापडलीय, केसांत सापडलीय.

मूल डोळ्यांपुढं राहतं हे खरं. शिवांश दोन वर्षांचा होईपर्यंत त्याच्या कमरेला दोरी बांधून दुसरं टोक खुंटीला असायचं, तेजाबाकडं जाऊ नये म्हणून. डोळ्यांपुढंच होता.

साहेब न्हाय हे पण खरं. साहेब असता तर कधीतरी म्हणाला असता, आज सुट्टी.

आणि जाण्यायेण्यातला वेळ. हे वाचून मला रडू आलं, रागानं. विद्या, तुला आठवतंय का, लग्नाआधी अकरा महिने मी कोल्हापूरला शाहूपुरीत पंपांच्या सुट्या भागांच्या ऑफिसात टायपिंगला जायची. १९९६ सालची गोष्ट, तू अकरावीत होतीस. जाता-येता एसटीत मला खिडकी मिळायची. त्या तासाभरात मी कुणाची लेक नव्हते, कुणाची आक्का नव्हते. ऊस बघत जायची. संध्याकाळी साडेपाचला टाइपरायटरवर झाकण घातलं की काम तिथंच राहायचं, माझ्याबरोबर एसटीत चढायचं न्हाय. तो वेळ वाचवून मी काय केलं सांगू? कड्या जोडल्या.

तुला वाटतं मी कामाला कंटाळले. न्हाय गं बाई. हाताला काम पाहिजेच. पण कामाला काम म्हणा की. २००१ ला जनगणनेचे मास्तर आले होते. मी पथारीवर बसलेली, मांडीवर कड्यांचा ढीग, बोटं काळी. मास्तरांनी तुझ्या दाजींना विचारलं, “ह्या काय करतात?” दाजी म्हणाले, “ती? ती काय न्हाय, घरातच असती.” मास्तरांनी माझ्या हाताकडं बघितलं आणि तसंच लिहून घेतलं. मी पण गप्प बसले. तोंडात कड्या धरल्या होत्या.

दाजींनी मुद्दाम केलं न्हाय. त्यांना खरंच तसं वाटतं. तेच मला सहन होत न्हाय.

अकरा दिवस राहिले. लिहितेस का न्हाय तेवढं कळव, म्हणजे मी तुझी वाट बघायचं सोडून देते.

आक्का


हुपरी,
गुरुवार, २८ जून २००७

विद्या,

पाकीट उघडलं, त्यात तुझी एक ओळ आणि एक झेरॉक्स. ‘आक्का, मी न बघता लिहिलं नाही, हे वाचून लिहिलं.’

अक्षर माझंच आहे. तारीख ३ ऑगस्ट १९९७. लग्नाला चार महिने झाले होते. ‘ति. आप्पा व अव्वा यांस शि. सा. न. मी इकडे अत्यंत सुखात आहे. ऑफिसची दगदग संपली. घरातच बसून काम असल्याने जिवाला आराम आहे. माझी काळजी करू नये.’

पोस्टातल्या बाकावर मी ते तीनदा वाचलं. आधी तुझाच राग आला, दहा वर्षं जपून ठेवलंस आणि नेमका आता काढलास म्हणून. मग राग फिरून माझ्यावरच आला.

ते सगळं खोटं होतं. आता का लिहिलं ते पण ऐक. त्या उन्हाळ्यात तू पुण्याला शिकायला जाते म्हणून हट्ट धरला होतास. आप्पा अव्वाला म्हणाले होते, “मोठीला हापिसची सवय लावली, आता ती सासरी रमली न्हाय तर धाकटीला बाहेर पाठवायचीच न्हाय.” अव्वानं मला हे कळवलं. मग मी काय लिहायचं होतं? की मी रोज टाइपरायटरची बोटं मांडीवर वाजवत झोपते? मी सुखात आहे असं लिहिलं, आप्पांनी ते पत्र शेजारपाजाऱ्यांना दाखवलं आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये तुला पाठवू म्हणाले, तसं पाठवलं. माझ्या खोट्यावर तू इंजिनिअर झालीस. हे तुला मी कधी सांगणार नव्हते. आता वैतागून सांगतेय, त्यामुळं त्यात काही मोठेपणा राहिला न्हाय.

एकदा लिहिल्यावर पुढं तेच लिहीत गेले. दर पत्रात सुखात आहे. शिवांश झाला तेव्हाही लिहिलं, सगळं व्यवस्थित पार पडलं. कसं पार पडलं ते आता लिहिते.

आमच्याकडं उंबऱ्यावर पितळेची परात असते, तू जत्रेला यायचीस तेव्हा ती माळ्यावर ठेवलेली असायची. कामावरनं उठून बाहेर जाताना परातीत उभं राहून पाय झटकायचे, पदर झटकायचा, हात घासायचे. चांदीचा कीस अंगाला लागून जातो ना. तो परातीत पडतो, केराबरोबर पिंपात साठवतात आणि वर्षाकाठी धुऊन त्यातनं चांदी काढतात. सगळेच झटकतात, दाजी पण, आकाराम पण. ह्या गावात घरोघरी हाय, त्यात कमीपणा न्हाय. पण आकाराम दिवसातनं दोनदा झटकतो आणि आपल्या घरी जातो. माझं घरच ते. संडासला जाताना झटकायचे, दारात भाजीवाली आली तर झटकायचे.

शिवांशच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा मी पथारीवर होते. रिक्षा दारात आली. उंबऱ्यापाशी आले तर सासूबाईंनी परात पुढं सरकवली. नुसती पायानं सरकवली. आणि मी, विद्या, भिंतीला धरून एक पाय झटकला, मग दुसरा झटकला, पदर झटकला, आणि मग रिक्षात बसले. कुणी जबरदस्ती केली न्हाय. तुझे दाजी रिक्षावाल्याशी बोलत होते. मला त्या वेळी त्यात काही वावगं वाटलं न्हाय, ह्याची मला आज जास्त चीड येते.

दुसरं एक. तुझ्या पहिल्या पत्राच्या पाठीमागं खाली बारीक अक्षरात लिहिलेलं मी आज नीट वाचलं. ‘बाळ झाल्यावर कंपनीनंच सुचवलं की घरून कर. आता मी दार लावून बसते आणि सासूबाई बाहेरून वाजवतात, घरीच आहेस तर जरा कुकर बघ. मीटिंग चालू असताना मी कुकर बघते.’ मग लेखात काय लिहिलंस बाई? सुखी, सुखी, सुखी. मी आप्पांना लिहिलं तसंच लिहिलंस तू, फक्त छापून आलं. आपण दोघी एकाच घरातल्या, एकच खोड.

झेरॉक्स मी घरी नेली. संध्याकाळी सगळे पथारीवर असताना तुझ्या दाजींच्या पुढं ठेवली आणि म्हणाले, “हे मी लिहिलंय. खोटं लिहिलंय.”

त्यांनी वाचली. परत वाचली. आकाराम उठून बाहेर गेला, पाय झटकायचं विसरला. दाजी म्हणाले, “म्हंजे दहा वर्षं?”

“व्हय.”

“मला का न्हाय सांगिटलं?”

“कधी सांगू? तुम्ही, मी आणि बर्नर, एवढं तिघंच कधी असतो?”

सासूबाई म्हणाल्या, “खायला प्यायला कमी हाय का काय हितं?” मी म्हणाले, न्हाय, कमी न्हाय. तेवढंच बोलणं झालं. आज तिसरा दिवस, दाजी हसत न्हाईत. जाऊ नको म्हणाले न्हाईत, जा म्हणाले न्हाईत.

तू आता त्यांना लिहू नकोस. तुझ्या पत्राची गरज उरली न्हाय. सोमवारी मी जाणार.

आक्का


हुपरी,
बुधवार, ४ जुलै २००७

विद्या,

आशीर्वाद. मागच्या तीन पत्रांतले राहिले होते, तेही धर ह्यातच.

हे पत्र पोस्टातनं न्हाय, कंपनीच्या जेवणाच्या खोलीतनं लिहितेय. अर्धा तास सुट्टी असते. शेजारी पूर्णिमा म्हणून कागलची पोरगी बसलीय, वरणभात खाताखाता मैत्रिणीला नवऱ्याच्या गोष्टी सांगतेय आणि माझ्या कागदाकडं ढुंकून बघत न्हाय.

इथं स्वर्ग हाय असं लिहीत न्हाय. मी आता तसलं काही लिहायचं सोडलंय. दिवसभर उभं राहून पोटऱ्या दगड होतात. सुपरवायझर तिशीतला हाय आणि मला “ओ मावशी, हात उचला” म्हणतो. संडासला किती वेळ गेलं तेही बघतात. पहिल्या दिवशी दुपारी वाटलं, काय हौस केली ही. सुखी आहेस का असं विचारू नकोस, मला अजून माहीत न्हाय. पण सोमवारी संध्याकाळी काय झालं ते ऐक.

सुट्टी झाली. गेटवर धोंडुबाई म्हणून एक बाई असते, ती जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या बघते. माझी पाळी आली. मी पिशवी तिच्यापुढं धरली आणि तिच्यासमोर उभी राहून एक पाय झटकला, दुसरा झटकला, पदर सोडून झटकला, हात घासले. मागच्या बायका हसायला लागल्या. धोंडुबाई म्हणाली, “अवो, काय चावलं का काय?” मी म्हणाले, “न्हाय, ते आमच्यात...” आणि पुढं सांगता येईना. तिनं पिशवीत वरवर बघितलं आणि म्हणाली, “जावा की आता. सकाळच्याला या.”

बसमध्ये बसले. खिडकी मिळाली. आणि कागलपासून हुपरीपर्यंत माझा राग काही उतरेना. इथं कंपनी, परका माल, परकी माणसं, आणि झडती एका पिशवीची, ती पण वरवर. आणि माझ्या घरात माझी झडती मी स्वतः देत होते, रोज, बाळंत व्हायला जातानासुद्धा. ज्यांनी घेतली त्यांना कळलं न्हाय आणि दिली तिला पण कळलं न्हाय. कुणावर ओरडायचं मग? तुझ्यावर ओरडले पंधरा दिवस, कारण तू लांब होतीस.

घरी आले. सासूबाईंनी भाकरी वाढली. माझ्या जागेवर कड्यांचा ढीग तसाच होता, कुणी हात लावला नव्हता. त्याच्या वरच्या भिंतीवर तुझा लेख नव्हता. चुना निघाल्याचा चौकोन होता. कुणी काढला ते मी विचारलं न्हाय. दाजींच्या नखांत चुना होता.

काल सकाळी डबा घेऊन निघाले. आमच्या घरातनं रस्त्यावर यायला कामाच्या खोलीतनंच यावं लागतं. दाजी बर्नर पेटवत होते, आकाराम तार ओढत होता. उंबऱ्यापाशी गेले, तर सासूबाईंनी परात पुढं सरकवली. पायानं. तशीच.

मी थांबले. खोटं सांगत न्हाय, माझा उजवा पाय उचलला पण होता.

म्हणाले, “आत्ती, पाय कामावरनं उठताना झटकायचे. मी घरातनं निघालेय.”

त्यांना कळलं न्हाय. “म्हंजे?” म्हणाल्या. मी दाजींकडं बघितलं. त्यांनी बर्नर बारीक केला, उठून आले, वाकले आणि परात उचलून बाजूला भिंतीला लावली. परत जाऊन बसले. मला त्यांचा राग अजून गेलेला न्हाय, एका परातीनं जायचा पण न्हाय, पण तेवढं त्यांनी केलं म्हणून लिहिते.

सुट्टी संपत आली. तुला एकच सांगायचंय. आज दार वाजलं की कुकर बघायला उठू नकोस. सांग, मी कामावर आहे. आवाज चढवून सांग, आणि मग मला लिही काय झालं ते. खरं लिही.

काल मी उंबरा ओलांडला आणि पायाला काय लागलंय ते न बघता स्टँडवर गेले.

आक्का